बिडाचा दहा इंची पॅन : काचऱ्या उत्तम, पण चोची कशासाठी?

दहा इंची, वजन अडीच किलोच्या आसपास, सीझनिंग करून (म्हणजे तेलाचा थर भाजून बसवून) आलेला. हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, म्हणून परत लिहीत नाही. जूनमध्ये घेतला. पावसाळा आणि थंडी दोन्ही त्याने आमच्या ओट्यावर काढली. काम जवळजवळ एकच, सकाळी नाश्त्याला बटाट्याच्या काचऱ्या. आज लिहायला बसलो ते कंपनीच्या मेलमुळे : ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले असून प्रकरण बंद करण्यात येत आहे.’ निवारण काही झालेलं नाही. प्रकरण तेवढं बंद झालं.

तक्रार चोचींची. या पॅनच्या काठाला समोरासमोर दोन चोची आहेत, पातळ पदार्थ ओतायला. हा घाट अमेरिकन स्वयंपाकघरातला. तिकडे नाश्त्याला बेकन परततात, त्याची चरबी सुटते, जास्तीची ओतून काढतात आणि उरलेल्या चरबीत बटाटे परततात. तिथे चोच लागते. आमच्याकडे चार माणसांच्या काचऱ्यांना तीन चमचे शेंगदाणा तेल. त्यातलं मी ओतून काय काढणार? पॅनला तेल राहिलंच तर त्यावरून पोळीचा तुकडा फिरतो आणि विषय संपतो. चोची पुन्हा दोन, कारण डावखुऱ्यांचीही सोय बघितली आहे. झाकण ठेवणाऱ्यांची मात्र बघितलेली नाही.

कारण या चोचींमुळे झाकण नीट बसत नाही. दोन्ही बाजूंनी वाफ बाहेर. पहिल्या आठवड्यातच हे लक्षात आलं, म्हणून कंपनीचंच ‘याच पॅनसाठी’ असं लिहिलेलं काचेचं झाकण मागवलं, साडेसहाशे रुपये वेगळे मोजून. झाकण साधं गोल. चोचींवर बसेल असा बाक त्याला कुठेच नाही. फोन केला.

‘सर, थोडी स्टीम रिलीज होणं नॉर्मल आहे.’

‘मग झाकणाला वर भोक कशाला दिलंय?’

‘सर, ते स्टीम रिलीजसाठी.’

झाकण परत घ्या म्हटलं, तर उत्पादनात दोष नाही म्हणे. फुटलेलं आलं असतं तर बदलून दिलं असतं. म्हणजे त्यांच्याकडे दोष मोजायचं एकच माप.

आता पॅनबद्दल. सुरुवातीला काचऱ्या मधे काळ्या आणि कडेला कच्च्या व्हायच्या. बीड तापलं की उष्णता धरून ठेवतं खरं, पण ती पसरवण्यात अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने फार मंद. बर्नरची ज्योत जिथे लागते तिथे कडकडीत, काठाशी कोमट. उपाय एवढाच की गॅस बारीक ठेवून सात-आठ मिनिटं पॅन रिकामा तापू द्यायचा आणि मधे एकदा फिरवून घ्यायचा. नॉनस्टिक रिकामा तापवायचा नसतो, याला मात्र ते लागतं. ‘अहो, गॅस नुसताच जळतोय,’ हे रोज ऐकलं. त्यावर माझा हिशेब असा की काचऱ्या व्हायच्या तीन-चार मिनिटं आधी गॅस बंद करायचा, शेवटचं परतणं साठलेल्या उष्णतेवर होतं. आत घातलेला गॅस शेवटी बराचसा वसूल होतो.

फोडणीची सवय बदलावी लागली. बीड एकदा तापलं की चटकन निवत नाही, त्यामुळे मोहरी तडतडल्यावर हळद घातली की ती करपून कडू होते. मोहरी, हिंग, लगेच बटाटा आणि हळद त्या बटाट्यावर. तिखट अगदी शेवटी. मीठही शेवटी, कारण आधी घातलं तर बटाट्याला पाणी सुटतं.

चकत्या जाडीला दोन नाणी एकावर एक ठेवावीत एवढ्या. चिरल्या की पाण्यात टाकून दोन पाण्यांनी धुवायच्या म्हणजे वरचा स्टार्च जातो, नाहीतर एकमेकींना चिकटतात. मग पंचावर पसरून पुसायच्या. या पुसण्याला घरातले हसतात, पण सगळा खेळ इथेच आहे. बटाट्यावर पाणी आहे तोवर त्याचं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि खरपूसपणा यायला साधारण १४० अंश लागतात. ओल्या काचऱ्या पॅनमध्ये टाकल्या की पहिली काही मिनिटं तुम्ही नुसतं पाणी आटवत बसता. टाकल्यावर चार-पाच मिनिटं उलथनं लावायचं नाही. आधी हलवल्या तर चिकटतात, खालची बाजू तांबूस झाली की आपोआप सुटतात. सतत ढवळणाऱ्या माणसाने हा पॅन घेऊ नये.

दिवाळीच्या सुट्टीत मी चोचींचा निकाल लावायचा ठरवला. बिर्याणीला दम देताना लावतात तशी कणीक दोन्ही चोचींत बसवली आणि वर पाणी घातलेलं जड ताट ठेवलं. वाफेचा एक धागा बाहेर नाही. उघडलं तर काचऱ्या मऊ, पिवळ्याधमक, कडा मोडलेल्या. प्रवासाच्या डब्यातली बटाट्याची भाजी झाली होती. दुसऱ्या दिवशी तोच बटाटा, तेवढंच तेल, चोची मोकळ्या. आतून शिजलेल्या आणि कडा कुरकुरीत. कारण वर सांगितलं तेच. कोंडलेली वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि परत बटाट्यावर पडते, चोचींतून गेली की जाते. पहिली सहा-सात मिनिटं झाकण, मग काढून टाकायचं, हे गणित या पॅनमध्ये फार छान जमतं.

तेव्हा चोची काचऱ्यांना उपकारक आहेत हे मान्य. पण कंपनीने त्या काचऱ्यांसाठी दिलेल्या नाहीत, त्यामुळे श्रेय देणार नाही. साडेसहाशे रुपयांचा प्रश्नही त्याने सुटत नाही. उलट घरातलं कुठलंही ताट चाललं असतं हे सिद्ध झालं.

बटाटा कुठला, यावर पॅनपेक्षा जास्त अवलंबून आहे. पावसाळ्यात पुण्यात येणारा आग्र्याचा बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेला आणि पुढे कोल्ड स्टोरेजमध्ये राहिलेला असतो. दोन-चार अंशांच्या थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. मग आत शिजायच्या आधीच बाहेरून काळपटतो आणि चवीला गोडसर लागतो. चिप्सवाले म्हणूनच त्यांचा बटाटा दहा-बारा अंशांवर ठेवतात. घरी असा बटाटा टोपलीत आठवडा-दोन आठवडे पडू दिला तर गोडी थोडी उतरते. फ्रिजमध्ये तर ठेवूच नका. मंडईत तळेगावचा म्हणून मिळतो तो किंवा खेड-आंबेगावकडचा, नवा, पातळ सालीचा बटाटा मला यासाठी आवडला. त्यात पाणी जास्त असतं, पुसायला थोडा वेळ जास्त द्यायचा.

देखभालीचा बाऊ केला जातो तेवढी नाही. आमच्या मावशींनी एकदा तारेच्या घासणीने घासून सीझनिंग उडवलं. पॅन कोरडा करून तेलाचा पातळ हात फिरवला आणि धूर येईपर्यंत तापवला, असं काही वेळा केल्यावर पूर्ववत झाला. हेच नॉनस्टिकचं झालं असतं तर थेट भंगारात. पावसाळ्यात मात्र धुऊन निथळत ठेवायचा नाही, सकाळी तांबडा गंज दिसतो. धुतला की गॅसवर कोरडा करा. टोमॅटो, चिंच, आमसूल यात शिजवू नका. लिंबू पिळायचंच असेल तर ताटलीत.

दांडा सबंध बिडाचा, म्हणजे तोही तापतो. सोबत दिलेलं रबरी टोपरं ठीक आहे. अडीच किलो एका हाताने उचलणं माझ्या आईला जमत नाही, तिच्यासाठी मी हा घेणार नाही.

थालीपीठासाठीही नको. काठ उंच आहे, तापलेल्या पॅनमध्ये फडक्यावरून थालीपीठ सोडताना मनगट हमखास भाजतं आणि उलथनं आडवं जात नाही. त्याला सपाट बिडाचा तवाच हवा, आणि तो पुण्यात बोहरी आळीत हातात घेऊन, ठोकून बघून घेता येतो.