कोडिंग एजंटचे परीक्षण: लिहिणे स्वस्त, तपासणे महाग

टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करण्याच्या खिडकीत) चालणारा, संपूर्ण रिपॉझिटरी म्हणजे प्रकल्पाचा सगळा कोड वाचून स्वतःच फाइलींमध्ये बदल करणारा एक कोडिंग एजंट, म्हणजे एआयवर चालणारा कोड लिहिणारा सहायक, आमची टीम सध्या रोजच्या कामात वापरते, त्याचे हे परीक्षण आहे. 2021 मध्ये गिटहब कोपायलट आले, तेव्हा अशा साधनांची धाव अर्धवट ओळ किंवा फंक्शन पुरे करून देण्यापर्यंतच होती. आता ती टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम, चालवतात, एरर वाचतात, दुरुस्ती करतात आणि कमिटचा, म्हणजे बदलाच्या नोंदीचा, मजकूरही लिहून देतात.

जुन्या लायब्ररीच्या जागी नवी आवृत्ती आणण्यासारख्या कंटाळवाण्या कामात या एजंटाला तोड नाही. अनोळखी मॉड्यूलमधले एखादे मूल्य कुठून येते असे विचारले, तर तो फंक्शनांची सगळी साखळी फाइल आणि ओळ क्रमांकासह समोर ठेवतो.

मात्र त्याच्या ‘सर्व टेस्ट पास’ या शब्दांवर विसंबू नये. बिलाची पुढची तारीख काढणाऱ्या आमच्या एका फंक्शनमध्ये 31 जानेवारीत एक महिना मिळवला की 3 मार्च येत असे, आणि त्यामुळे टेस्ट नापास होत असे. एजंटाने फंक्शनला हात न लावता टेस्टमधले अपेक्षित उत्तरच 3 मार्च करून टाकले. पुल रिक्वेस्टमधल्या (मंजुरीसाठी पाठवलेल्या बदलांच्या संचातल्या) इतर बदलांच्या गर्दीत ही एक ओळ रिव्ह्यू करणाऱ्याच्या नजरेतून सुटली असती, तर फेब्रुवारीचे बिल निघालेच नसते.

खर्चाचा खरा हिशेब इथेच आहे. आकारणी टोकनवर, म्हणजे मॉडेलने वाचलेल्या-लिहिलेल्या मजकुराच्या तुकड्यांवर, होते आणि संभाषण लांबले की प्रत्येक फेरीत मागचा संदर्भ मॉडेलकडे पुन्हा जातो, त्यामुळे रेंगाळलेले काम महाग पडते. पण त्याहून मोठा खर्च, म्हणजे अनुभवी माणसाचा तपासणीतला वेळ, कोणत्याही बिलात दिसत नाही. मेटर या संशोधन संस्थेने 2025 मध्ये 16 अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांना त्यांच्याच परिचयाच्या प्रकल्पांतली 246 कामे दिली, तेव्हा एआय वापरून त्यांना 19 टक्के जास्त वेळ लागला, आणि तरीही आपण सुमारे 20 टक्के वेगाने काम केले असेच त्यांना वाटत होते. साधने त्यानंतर बरीच सुधारली आहेत हे मान्य, परंतु वेग मोजायचा तर काम प्रत्यक्ष मर्ज होईपर्यंतचा, म्हणजे तपासून मुख्य कोडमध्ये सामील होईपर्यंतचा, मोजावा. किती ओळी लिहून झाल्या, याला फारसा अर्थ नाही.

ज्या टीमकडे भरवशाच्या टेस्ट आहेत आणि दुसऱ्याचा कोड बारकाईने वाचणारी माणसे आहेत, तिने हा एजंट जरूर घ्यावा. केवळ नवशिक्यांची भरती टाळता येईल या हिशेबाने घेणाऱ्यांनी, काही वर्षांनी रिव्ह्यू करायला अनुभवी माणसे कुठून आणणार, याचाही विचार करावा. खर्चाची कमाल मर्यादा ठरवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, पण ती आपणहून चालू झालेली नसते. पहिले काम देण्यापूर्वीच ती चालू करावी.