ओपन-ऑडिट काही महिने वापरल्यावर: टूल ठीक आहे, घाम काढतात ती क्रेडेन्शियल्स

आमची पतसंस्था, मुख्य ऑफिस रत्नागिरीत, शाखा लांजा, राजापूर, देवरुख. ऑडिटरला दरवर्षी कुठला पीसी कुठे आहे, सिरीयल नंबर काय, रॅम किती अशी यादी लागते, आणि ती एक्सेलमध्ये भरून भरून कंटाळा आला म्हणून मार्चनंतर ओपन-ऑडिट, म्हणजे नेटवर्कवरच्या मशिन्सची यादी आपोआप करणारं टूल, टाकलं. इन्स्टॉल सोपं, ते एनमॅप हे नेटवर्क स्कॅन करणारं टूल वापरतं त्यामुळे नेटवर्कवर कोण कोण जिवंत आहे ते पटकन कळतं. पण नुसता आयपी दिसून काय करायचंय, आतली माहिती हवी तर प्रत्येक मशीनमध्ये शिरायला खातं आणि पासवर्ड, म्हणजे क्रेडेन्शियल्स, लागतात आणि सगळा वेळ तिथेच जातो.

विंडोजची कथा मोठी आहे. आमच्याकडे डोमेन नाही, सगळं वर्कग्रुप, म्हणजे खाती एका जागी नाहीत, प्रत्येक पीसीवर वेगळी. देवरुखच्या काउंटरवरच्या मॅडमना पासवर्ड विचारला तर म्हणाल्या, "दादा, पासवर्ड नाय हो, चार आकडी पिन आहे." आता तो पिन त्या मशीनपुरताच, नेटवर्कवरून चालतच नाही. आणि ज्यांचा पासवर्डच रिकामा त्यांना तर विंडोज बाहेरून आत घेतच नाही. म्हणून स्टाफच्या खात्यांच्या नादाला न लागता प्रत्येक पीसीवर ऑडिटसाठी वेगळं लोकल ॲडमिन खातं केलं, लांब पासवर्डचं, आणि विंडोजचं प्रो व्हर्जन होतं तिथे सिक्युरिटी पॉलिसीत जाऊन त्या खात्याला समोर बसून लॉगिन बंद केलं.

तरी लॉगमध्ये ॲक्सेस डिनाइड! पासवर्ड बरोबर, खातं ॲडमिन, तरी. कारण असं की लोकल ॲडमिन बाहेरून आला की यूएसी (विंडोजचं ॲडमिन अधिकारांवर लक्ष ठेवणारं संरक्षण) त्याचे अधिकार कापून टाकतं. रजिस्ट्रीत पॉलिसीज-सिस्टीमखाली लोकल-अकाउंट-टोकन-फिल्टर-पॉलिसी नावाची व्हॅल्यू १ केली की काम होतं. पण हे करणं म्हणजे एक कडी काढून ठेवणं आहे, त्यामुळे फायरवॉलमध्ये डब्ल्यूएमआयचा (ज्यातून टूल विंडोजची आतली माहिती वाचतं त्याचा) नियम फक्त ऑडिट सर्व्हरच्या आयपीपुरता उघडा ठेवा, सगळ्यांना नको. राउटर बदलला की नेटवर्क प्रोफाइल पब्लिकवर जातं आणि परत सगळं बंद, तेही बघायचं.

अजून एक, क्रेडेन्शियल्सची यादी वाढवू नका. टूल एकामागून एक सगळी लावून बघतं, आणि विंडोज ११ च्या नव्या इन्स्टॉलवर दहा चुकीचे प्रयत्न झाले की खातं दहा मिनिटं लॉक होतं. जुनी निरुपयोगी नोंद काढून टाकलेली बरी. एकदा जे चाललं ते त्या डिव्हाइसपुरतं लक्षात ठेवतं, हे मात्र छान.

प्रिंटर आणि नेटवर्क स्विच यांची माहिती एसएनएमपी या प्रोटोकॉलवर येते, पोर्ट यूडीपी १६१. सगळीकडे कम्युनिटी स्ट्रिंग (त्याचा पासवर्डच म्हणा) "पब्लिक", कारण लावणाऱ्याने बॉक्समधून काढून तशीच लावलेली. एसएनएमपीच्या व्ही२सी या जुन्या आवृत्तीत ही स्ट्रिंग तारेवरून उघडीच जाते, म्हणून जिथे सोय होती तिथे व्ही३ केलं, शा (ओळख तपासायला) आणि एईएस (माहिती गुप्त ठेवायला) लावून. जुन्या स्विचला ते येत नाही, तिथे स्ट्रिंग बदलली, फक्त वाचण्यापुरती ठेवली. त्यातल्या एकाचे पोर्ट खाऱ्या हवेने हिरवे पडलेत, तो तसाही जाणारच आहे. लिनक्सचा एकच सर्व्हर, एसएसएचने (लांबून सुरक्षित लॉगिन करायची सोय) लगेच घेतला, पण सिरीयल नंबर रिकामा, कारण तो वाचायला रूट, म्हणजे सगळ्यात वरचा अधिकार, लागतो. खात्याला सुडोने तो अधिकार दिल्यावर आला.

आता आपल्या इथली गंमत. डिस्कव्हरी (टूलने नेटवर्क तपासायची फेरी) रात्रीची लावा असं सगळे सांगतात, पण वळवाचे दिवस आले की शाखेवाले विजेच्या भीतीने निघताना मेन स्विचच पाडतात, मग रात्री सापडणार काय, कप्पाळ? मी सकाळी साडेअकराला लावतो, काउंटरची गर्दी असते पण सगळी मशिन्स चालू असतात. गणपतीत तेही नाही, तेव्हा नादच सोडायचा.

घ्यावं का? वीस-पंचवीस पीसी एकाच इमारतीत असतील तर एक्सेलच बरी, खरंच. शाखा लांब लांब असतील आणि प्रत्येक पीसीवर एकदा स्वतः जाऊन खातं करायची तयारी असेल तर घ्या, आणि ती फेरी पावसाच्या आधी उरका, कारण एकदा घाटात दरड आली की राजापूरची फेरी आठवडाभर पुढे जाते.