कोरड्या डोळ्यांचे थेंब आणि विम्याचं ओपीडी कव्हर : ११ महिन्यांचा हिशेब

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी अकाउंट्स बघतो. समोर कॉम्प्युटर, डोक्यावर पंखा, हवेत सुताचे बारीक तंतू, आणि बाहेर सोलापूरचा उन्हाळा. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं आणि वर धारही लागायची. पाणी गळतंय तर डोळे कोरडे कसे, हे मला कळेना. डॉक्टरांनी पापणीच्या आत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. १० मिलिमीटरच्या वर भिजायला हवी होती, माझी ४ वर थांबली. पापणीच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबल्यात, त्यामुळे येणारं पाणी डोळ्यावर टिकत नाही, असं ते म्हणाले. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब चार वेळा, सायक्लोस्पोरिन या औषधाचे थेंब दोन वेळा, रोज गरम शेक. सायक्लोस्पोरिनचा गुण यायला तीन ते सहा महिने लागतात. मला चौथ्या महिन्यात फरक पडला, म्हणजे औषधाबद्दल तक्रार नाही. तक्रार पैशाची आहे. महिन्याला सरासरी १,४०० रुपये, आणि हे थांबणारं दुखणं नाही.

२०२० पासून ५ लाखांची फॅमिली फ्लोटर, म्हणजे अख्ख्या घराला मिळून एकच आरोग्य विमा पॉलिसी, आहे. ती भरती झालात तर पैसे देते, किंवा मोतीबिंदूसारखं डे केअरचं (त्याच दिवशी घरी सोडतात असं) काम असेल तर. थेंबांसाठी कोण भरती होतं? म्हणून रिन्यूअलला ओपीडीची, म्हणजे भरती न होता होणाऱ्या खर्चाची, जोड घेतली. जादा हप्ता ३,२००, वर्षाची मर्यादा ५,०००. एजंट म्हणाला, "काय ओ साहेब, डोळ्यांचं सगळं निघतंय की यात!"

पहिला क्लेम पूर्ण परत आला. मेडिकलवाल्याचं बिल साधं होतं, त्यावर ना पेशंटचं नाव, ना बॅच नंबर. ही चूक माझीच; दिवसभर दुसऱ्यांची व्हाउचरं तपासणारा माणूस स्वतःचं बिल न बघता खिशात घालतो. दुसऱ्या वेळी सगळं नीट जोडलं, तर विचारणा आली : केसपेपरवर "३ वर्षांपासून त्रास" लिहिलंय, हा आजार पॉलिसीच्या आधीचा आहे का? डॉक्टरांनी सहज लिहिलेली ओळ! पॉलिसी त्याच्याही आधीची आहे हे दाखवायला २०२० पासूनची सगळी शेड्यूल्स (दर वर्षीच्या पॉलिसीची तपशिलाची पानं) शोधून जोडावी लागली. (पॉलिसीच्या आधीपासूनच्या आजाराचे पैसे मिळेपर्यंतची प्रतीक्षा एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आली आहे, म्हणजे आधीचा असता तरी मी त्या मुदतीच्या बाहेर आलोच होतो.) तेव्हा डॉक्टर पेपरवर काय लिहितात ते त्यांच्यासमोरच वाचा. लाजू नका.

तिसऱ्या वेळी थेंब मंजूर झाले. शेकायचा मास्क आणि पापण्या पुसायचे वाइप्स मात्र "औषध नव्हे" म्हणून कापले. बायको म्हणाली, "अहो, मग रुमाल गरम पाण्यात बुडवून शेका की!" आता तेच करतो, आणि खरं सांगायचं तर मास्कपेक्षा तेच बरं वाटतं.

वर्षाअखेर हातात आले ३,९४०. हप्ता वजा केला तर ७४० रुपये फायदा, आणि त्यासाठी तीन वेळा अपलोड, दोन मेल, एकदा कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. त्याच्या उत्तरानंतरच गाडी हलली. तिथेही अडलं असतं तर पुण्याचं विमा लोकपाल कार्यालय होतं. सोलापूर त्यांच्याकडेच येतं आणि फी लागत नाही. पण दीड हजारासाठी तिथवर कोण जातो, हे कंपनीलाही माहीत असणार.

आईचाही हाच त्रास, पण तिचा विमाच नाही. वय साठच्या पुढचं असल्यामुळे तिच्या औषधांचा खर्च आयकराच्या जुन्या करप्रणालीत (मार्च २०२६ पर्यंतच्या कायद्यातलं कलम ८०डी) ५०,००० पर्यंत मला वजावट म्हणून दाखवता येतो. अट एकच, रोखीने द्यायचा नाही. म्हणून तिचे थेंब यूपीआयने घेतो. ओपीडीच्या जोडीपेक्षा हा रस्ता मला सोपा पडला. घरात असं कोणी असेल तर आधी हे बघा.

यंदा रिन्यूअलला ओपीडी काढून टाकली. मूळ पॉलिसी ठेवली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेल्यामुळे तेवढाच दिलासा.

आता डॉक्टर अश्रूनलिकेच्या तोंडाशी प्लग बसवू म्हणतात, म्हणजे आहे ते पाणी वाहून जाणार नाही. दहा-पंधरा मिनिटांचं काम. कंपनीला मेल टाकून विचारलं, हे डे केअर धरणार की ओपीडी? उत्तर आलं : "दावा आल्यावर तपासण्यात येईल." प्लग अजून बसवलेला नाही.