बाथरूमच्या वजनकाट्यांवर गाडीची चार चाकं : काही महिन्यांच्या वापरानंतर

माझी स्विफ्ट ऑटोक्रॉसला, म्हणजे मैदानात शंकू मांडून होणाऱ्या वेळेच्या शर्यतीला जाते, उंची बदलता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरची एकत्र जोडी) तिला बसवलेत. जोरात ब्रेक दाबला की पुढचं उजवं चाक आधी लॉक व्हायचं, डावी-उजवी वळणंही सारखी जात नव्हती. चाकांवरचा भार मोजायचे तयार पॅड खिशाला परवडणारे नव्हते, म्हणून तरफ केली.

प्रत्येक चाकाखाली चौकोनी पाईपची फ्रेम, तिच्या दोन टोकांना खालून आडव्या सळया. सळयांमध्ये 900 मिमी अंतर. एक सळई ठोकळ्यावर, दुसरी वजनकाट्यावर. चाकाचा मध्य ठोकळ्याकडच्या सळईपासून 300 मिमीवर ठेवला की काट्यावर भाराचा तिसरा हिस्साच येतो, त्यामुळे 130 किलोचा काटाही पुढच्या चाकाला पुरतो. फ्रेमचं वजन शून्याची चकती फिरवून आधीच वजा करायचं.

काटा तबकडीचाच घ्या. डिजिटल काटे भार असताना चालू झाले तर तोच शून्य धरतात, आणि गाडी स्थिरावायच्या आत आकडा गोठवतात.

खरी मेहनत मांडणीत आहे. चाक 5 मिमी सरकलं तर पुढच्या चाकाच्या हिशेबात साधारण 5 किलोंचा फरक पडतो. म्हणून हबच्या मध्यातून ओळंबा सोडतो. पार्किंगच्या फरशीला पाण्यासाठी उतार असतोच; गवंड्याच्या लेव्हल पाईपने चारही जागा एका पातळीत आणल्या आणि फरशीवर ऑइल पेंटने खुणा केल्या. टायरमधली हवा सारखी, हँडब्रेक सोडलेला, चाकांना उटी, पुढच्या स्टॅबिलायझर बारची (डाव्या-उजव्या चाकांचं सस्पेन्शन जोडणाऱ्या दांड्याची) लिंक सुटी, आणि ड्रायव्हर सीटवर माझ्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या. गाडी हलवून बसू द्यायची, मगच वाचायचं.

पहिले आकडे असे: पुढे डावं 312, उजवं 282, मागे डावं 159, उजवं 195. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून एकूण 948 किलोंपैकी 441, म्हणजे 46.5 टक्के. या तिरप्या जोडीवर, म्हणजे कर्णावर, निम्म्याच्या जवळपास भार हवा. पुढच्या उजव्या चाकावर भार कमी म्हणून तेच आधी लॉक व्हायचं; ब्रेकचं कोडं तिथेच सुटलं. या दोन कोपऱ्यांच्या स्प्रिंगची बैठक थोडी वर, उरलेल्या दोघांची थोडी खाली घेतली. आता पुढे 297-297, मागे 174 आणि 180, कर्ण 49.7 टक्के. पुढच्या-मागच्या किंवा डाव्या-उजव्या बेरजा यातून बदलत नाहीत. त्यासाठी सामानच हलवावं लागतं.

एवढ्या वापरात एका काट्याची स्प्रिंग सैलावली. काटे आपसात बदलून पाहिले तर फरक काट्याबरोबर फिरला, म्हणून दोष लगेच कळला. ही अदलाबदल मी आता दर वेळी करतो. एकूण वजन ट्रकच्या वजनकाट्यावर ताडून पाहिलं, जुळलं. पण तो काटा दहा किलोंच्या टप्प्याने बोलतो, कोपऱ्यांसाठी त्याचा उपयोग नाही. माझ्या मांडणीतही तबकडीचा एक किलो म्हणजे चाकावरचे तीन, त्यामुळे दोन-तीन किलोंच्या फरकामागे लागत नाही.

चार काटे, लोखंड आणि वेल्डिंग मिळून खर्च सात-आठ हजारांत बसला. स्प्रिंगची बैठक फिरवता येत असेल तरच हा खटाटोप करा. कंपनीच्या सस्पेन्शनवर आकडे कळतील, पण ते बदलायला हातात काहीच नसेल.