लक्ष्मी रस्त्यावरची पेढी आणि तीस सेंटचा हिरा

मुलाच्या साखरपुड्यासाठी अंगठी घ्यायला आम्ही दोघे गेल्या पंधरवड्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या एका जुन्या पेढीत गेलो होतो. पेढीचे नाव देत नाही, कारण माझी तक्रार त्या एका दुकानाबद्दल नसून साऱ्या धंद्याबद्दल आहे. दुकानाबद्दल सांगायचे तर घडणावळ त्यांनी आधीच स्पष्ट सांगितली, हॉलमार्कचा सहा अक्षरांचा क्रमांक भिंगातून दाखवला आणि तीस सेंटच्या, म्हणजे ०.३० कॅरट वजनाच्या, हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला आकडा प्रमाणपत्राशी ताडून पाहू दिला. प्रमाणपत्रावर वजन, रंग, शुद्धता, पैलू असे सगळे रकाने भरलेले होते. मूळ देशाचा रकाना मात्र त्यावर नव्हताच.

मी विचारले, तेव्हा काउंटरवरचा मुलगा तत्परतेने म्हणाला, "काकू, सुरतेचा आहे." हे उत्तर खोटे नाही, पण सुरतेत पैलू पडतात, हिरा जमिनीतून निघतो तो दुसरीकडेच.

या प्रश्नामागे पश्चिम आफ्रिकेतला सिएरा लिओन हा देश होता. तिथल्या कोनो जिल्ह्यातले बरेचसे हिरे खोल खाणीत नसून नदीकाठच्या वाळू-गोट्यांत विखुरलेले असतात. फावडे, चाळणी आणि दिवसभर पाण्यात वाकून राहणारी माणसे एवढ्या भांडवलावर ते निघतात, त्यामुळे ज्याच्या हातात बंदूक आणि ताब्यात नदीकाठ, त्याच्या हाती मिळकत. १९९१ च्या मार्चमध्ये फोडे सांकोच्या बंडखोरांनी लायबेरियाच्या सीमेवरून सुरू केलेले युद्ध या मिळकतीवर पोसले गेले आणि ते संपायला २००२ उजाडले. मात्र हिऱ्यांमुळेच युद्ध पेटले असे म्हणणे मला पटत नाही. तिथल्या सत्यशोधन आयोगानेही मुख्य दोष वर्षानुवर्षांच्या भ्रष्ट आणि बेपर्वा कारभाराला दिला. शिक्षण आणि रोजगार गमावलेली तरुण पोरे बंडखोरांना आयती मिळाली, आणि हिऱ्यांनी ते युद्ध लांबवले. सुमारे पन्नास हजार माणसे मेली, वीस लाखांहून अधिक विस्थापित झाली, हजारो मुलांच्या हाती शस्त्रे दिली गेली. १९९६ च्या निवडणुकीच्या सुमारास लोकांनी मत देऊ नये म्हणून त्यांचे हात तोडण्यात आले. एवढे होऊनही सरकार आणि बंडखोर यांच्यातल्या १९९९ च्या लोमे शांतता करारात याच सांकोला खनिजांच्या आयोगाचे अध्यक्षपद देण्यात आले. पुढच्याच वर्षी तिथल्याच कैलाहुनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतले दोनशेहून अधिक भारतीय शांतिसैनिक बंडखोरांच्या वेढ्यात अडकले आणि जुलै २००० मध्ये 'ऑपरेशन खुकरी' करून त्यांना सोडवावे लागले, हे आपल्याकडे फारसे कुणाच्या लक्षात नाही.

माझे प्रश्न संपेनात, तेव्हा पेढीचे ज्येष्ठ व्यवस्थापक आतून फाईल घेऊन आले. घाऊक व्यापाऱ्याच्या बिलावर तळाशी, हे हिरे संघर्षाला पैसा पुरवणाऱ्या मार्गाने आलेले नाहीत, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य छापलेले होते. अशा हिऱ्यांचा व्यापार रोखण्यासाठी २००३ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय किंबर्ली प्रमाणपत्र व्यवस्थेच्या जोडीला व्यापाऱ्यांनी स्वतः दिलेली ही हमी. अडचण अशी की, किंबर्ली प्रमाणपत्र फक्त कच्च्या हिऱ्याला मिळते आणि तिथली 'संघर्षा'ची व्याख्या बंडखोर गटांपुरती आहे. झिम्बाब्वेतल्या मरांगे भागात २००८ मध्ये हिरे खणणाऱ्या लोकांवर गोळ्या झाडल्या त्या सरकारी सैन्याने, म्हणजे तो प्रकार या व्याख्येत बसतच नाही. तिथली निर्यात काही काळ थांबवली गेली खरी, पण २०११ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि ही व्यवस्था उभी राहावी म्हणून झटलेली 'ग्लोबल विटनेस' ही संस्था त्याच वर्षी तिच्यातून बाहेर पडली.

व्यवस्थापकांनी हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग सरळ सांगितले, "ताई, एवढ्या लहान खड्याचा देश आम्हालाही कळत नाही. सुरतेत माल एकत्र होतो." प्रयोगशाळेत घडवलेला हिरा त्यांनी दाखवला, पण तो सूनबाईंना नको होता. तारीख जवळ आली होती, म्हणून शेवटी पहिलीच अंगठी घेतली, तीही थोड्या नाखुशीनेच. पावतीवर 'हिऱ्याचा मूळ देश : माहीत नाही' असे लिहून द्यायला मी सांगितले, आणि त्यांनी तसे लिहून खाली सही-शिक्का केला. पाचपैकी चार गुण देते आहे, त्यातला एक या ओळीसाठी. अंगठी सैल झाल्यास वर्षभर माप विनामूल्य बदलून मिळते. त्यासाठी तीच पावती न्यावी लागते.