मोनोफोकल लेन्स, दोन्ही डोळे, सात महिने: दूरचं लख्ख, हातातलं धूसर

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन्ही डोळ्यांत मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराला लागणारी, लेन्स बसली. वाचायच्या चष्म्याचा नंबर परवा निघाला: उजवा प्लस २.५, डावा प्लस १.२५. दोन्ही डोळे वेगळे, म्हणजे इंदूरच्या राजवाड्यासमोरचा स्वस्तातला तयार चष्मा बाद, बनवूनच घ्यावा लागणार. एवढ्यासाठी तरी हे लिहायलाच हवं.

ऑपरेशनआधी दोन्ही डोळे मायनस ४ होते. मायनसवाले चष्मा काढून बारीक अक्षर वाचतात, ही सोय लेन्स शून्य नंबरवर बसवली की कायमची जाते. उजव्या डोळ्याच्या वेळी हे कोणी सांगितलं नाही आणि तो राग अजून गेलेला नाही. लेन्स कुठल्या कंपनीची यावर अर्धा तास बोलणं झालं, नंबर कितीवर ठेवणार यावर एक वाक्यही नाही.

हिशेब सोपा आहे. १०० ला नंबराने भागा, तेवढ्या सेंटिमीटरवर स्पष्ट दिसतं. मायनस २.५ म्हणजे ४०, पुस्तकाचं अंतर. मायनस १.२५ म्हणजे ८०. शून्य म्हणजे लांबचं. मोनोफोकल एकाच अंतराला लागते, म्हणून ते अंतर आपण ठरवायचं. डावा डोळा मग भांडून मायनस १.२५ वर ठेवून घेतला. भाजी चिरणं, ताट, कॉम्प्युटर, दुकानातले भाव आता बिनचष्म्याचे. पहिले काही आठवडे दोन डोळ्यांचा मेळ बसत नाही, मग बसतो. तिरळेपणा असेल तर हा प्रकार विचारूनच करा. दोन ऑपरेशनांमधला काळ मात्र वाईट: एक डोळा शून्य, दुसरा मायनस ४, जुना चष्मा घातला की जिन्यावर चक्कर. दुसरी तारीख लांबवू नका.

नंबर चुकतो तो बहुतेकदा मोजणीत. डोळ्याची लांबी १ मिलिमीटर चुकली तर अडीच-तीन नंबरांचा फरक पडतो. पिकलेल्या मोतीबिंदूतून प्रकाशाचं मशीन आरपार बघू शकत नाही, मग डोळ्याला टेकवून ए-स्कॅन, म्हणजे ध्वनिलहरींनी मोजणी, करतात. तिथे दाब पडला की लांबी कमी येते आणि नंबर मायनसकडे सरकतो. डोळे कोरडे असतील तर आधी त्यावर थेंब घ्या, मोजणी नंतर. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी ती किती दिवस आधी बंद करायची हे विचारून घ्यावं.

मल्टिफोकल, म्हणजे जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी लेन्स, न घेऊन पैसे वाचवले ही चूक झाली, असं दुसऱ्या महिन्यापर्यंत वाटत होतं. आता नाही. ती प्रकाश वाटून देते, त्यामुळे रात्री दिव्यांभोवती वर्तुळं दिसतात. बायपासवर समोरून ट्रक येत असताना ते नको. पडद्याचा (रेटिनाचा) आजार किंवा काचबिंदू असेल तर तिच्या वाटेला न गेलेलंच बरं. रात्री गाडी चालवत नसाल आणि चष्म्याचा मनापासून कंटाळा असेल, तर जरूर विचार करा.

सहाव्या महिन्यात डावा डोळा पुन्हा धुरकटला. लेन्स खराब झालेली नसते, तिच्यामागचा पातळ पापुद्रा गढुळतो. याग लेसरने काही मिनिटांत मोकळा होतो, चीर नाही, टाके नाहीत.

प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेत असाल, पूर्वी घेऊन सोडली असली तरी, सर्जनला सांगा; बाहुली नीट मोठी होत नाही आणि बुबुळ सैल पडतं. ऑपरेशननंतरच्या प्रेडनिसोलोन थेंबांची बाटली दर वेळी हलवा, औषध तळाशी बसतं. दोन वेगळ्या औषधांच्या थेंबांत पाच मिनिटं जाऊ द्या. रंगपंचमीच्या तोंडावर तारीख घेऊ नका, गेरचा, म्हणजे इथल्या रंगपंचमीच्या मिरवणुकीचा, गुलाल ताज्या डोळ्यात गेला तर भारी पडेल. आणि लेन्सचा स्टिकर डिस्चार्जच्या कागदावर चिकटवून घ्या. पॉवर, मॉडेल आणि सिरियल नंबर त्यावरच असतो.