चुंबक आधीच खिशात ठेवलं असतं तं...

जुनी जीप डेंटिंगले टाकायचा विचार असंन तं थांबा, आधी माझं ऐका. आमच्याकडं बाबांच्या वेळची महिंद्रा एमएम ५४० आहे, प्यूजो डिझेलवाली, इंजिन आजही अर्ध्या सेल्फात उठते पण पत्रा पार सडलेला, ड्रायव्हरच्या पायाखालून रस्ता दिसे. पोळा झाल्यावर तालुक्याच्या एका डेंटरकडं टाकली. तो म्हणे, "टेन्शन नका घेऊ भाऊ, सडलेला सगळा कापून १८ गेजचा सीआरसी, म्हंजे कोल्ड रोल्ड पोलादी, पत्रा टाकतो." ५२ हजारात ठरलं, ३० अडव्हान्स. मी दोनदा जाऊन पाह्यलं, दोन्ही वेळा प्रायमर मारून तयार, अन मी येडा खुश! उघडा पत्रा त्यानं दिसूच दिला नाही.

दसऱ्याले गाडी घरी आली, चकाचक हिरवी, आईनं हार घातला, बाकीचे पैसेही देऊन टाकले.

पुढच्या पावसाळ्यात पांदणीच्या चिखलातून आणली अन धुताना पाह्यतो तं मागच्या चाकावर रंगाले फोड. नखानं खरडलं तं तळहाताएवढी खपली हातात आली, बोटभर जाड, निव्वळ लांबी, म्हंजे खड्डे बुजवायची पुट्टी. आत जाळी, जाळीमागं पेपरचा ओला बोळा, कापसाच्या भावाची बातमी अजून वाचता येत होती. मॅट उचलली तं फ्लोअरले तेलाच्या डब्याचा पत्रा रिबिटनं ठोकलेला, खाली वाकून पाह्यलं तं अर्धं सूर्यफूल.

लांबी लावणं वाईट नाही, वेल्डिंगच्या खुणा झाकाले मिलिमीटर-दोन मिलिमीटर सगळेच लावतात. पण गंजावरच थापली तं ती पाणी पिते अन आत गंज खातच राहते. म्हणून जाताना जुन्या स्पीकरचं चुंबक कपड्यात गुंडाळून न्या, चिकटलं नाही तं तिथं लांबीच आहे समजा. डब्याच्या पत्र्याले मात्र तेही चिकटते, तिथं गाडीखाली घुसाच लागते. अन पैशाचा मोठा हप्ता प्रायमरच्या आधी, उघडं वेल्डिंग डोळ्यानं पाहूनच द्या. बिलावर कुठं कुठं कापलं ते लिहून घ्या, माझ्या कच्च्या चिठ्ठीवर निस्तं "बॉडी काम" होतं, ते दाखवून कोणाशी भांडणार?

त्याच्याकडं गेलो तं म्हणे, "जुनी गाडी आहे भाऊ, गंज तं येणारच." आता फोनही उचलत नाही.

सध्या गावातला ट्रॉल्या बनवणारा वेल्डर कापून राह्यला, काल दुसऱ्या बाजूनंही बोळा निघाला. सूर्यफुलाचा तुकडा मी जपून ठेवलाय, कोणी त्याच्याकडं गाडी टाकतो म्हणलं की काढून दाखवतो.